नहरफ्लोचा पहिला वाचक

"मोठं अक्षर कुणाला द्यायचं आणि कुणाला नाकारायचं, यावरूनच संस्कृतीची खरी पारख होते!"

सदानंदराव मोडकांनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा त्यांच्यामागे अख्खी दुनिया उभी होती. म्हणजे रांग उभी होती. शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या त्यांच्या कंपनीत जेवणाची सुट्टी झाली होती, आणि कँटीनमधला पराठ्यांचा ढीग संस्कृतीची वाट न पाहता खाली उतरत होता.

"सायेब, जरा पुढं सरका," मागून भिकाजी म्हणाला. "पराठे संपतायत."

सदानंदराव सरकले. संस्कृतीलाही सरकावं लागलं.

सदानंदराव मूळचे पुण्याचे, पण आता दुबईतल्या अल मनखूलचे असं म्हणायला हरकत नव्हती, कारण लेकीचा, ओवीचा, जन्म इथलाच आणि बायकोची, मृणालिनीताईंची, भाजीवाल्याशी भांडायची भाषाही आता इथलीच. समुद्राचं पाणी गाळण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ते टेक्निकल रायटर होते. पुण्यातले नातेवाईक त्यातलं फक्त 'रायटर' तेवढं ऐकायचे आणि दर दिवाळीला फोनवर पुढची कादंबरी केव्हा येणार म्हणून विचारायचे. सदानंदराव गंभीरपणे सांगायचे, "याच महिन्यात. नायक गाळणी आहे. शेवटी ती तुंबते."

यंत्राबरोबर जे जाड पुस्तक येतं, ज्याला सगळे मॅन्युअल म्हणतात आणि ज्याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात, ते सदानंदराव लिहीत. या धंद्यातलं त्यांचं खास राज्य म्हणजे मोठी अक्षरं. आपल्या देवनागरीत ही भानगडच नाही. आपल्याकडे कलेक्टर आणि कांदा एकाच उंचीचे. इंग्रजीत मात्र प्रत्येक शब्दाची पायरी ठरलेली असते. कंपनीतल्या कुठल्या मालाच्या नावाला मोठं अक्षर लावायचं आणि कुठल्याला नाही, याचे नियम सदानंदरावांनी स्वतः घडवले होते. एखाद्या इंजिनियरने सहज म्हणून 'वाल्व्ह' मोठ्या अक्षराने लिहिला, तर नोकराने धन्याच्या खुर्चीत बसावं तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

भिकाजी ताट घेऊन त्यांच्याच टेबलावर येऊन बसला. राजापूरकडचा माणूस, सर्व्हिसच्या टोळीतला जुना फिटर. गावाहून आला की सदानंदरावांसाठी आमसुलं आणायचा आणि त्यांचं बोलणं ऐकायचा. हे दुसरं काम घरातही कोणी करत नसे.

"पन सायेब, ह्या मोठ्या अक्षराचं येवढं काय हाय?"

"हे बघ. नुसता पंप म्हटला तर छोटं अक्षर. पंप काय, गल्लोगल्ली पडलेत. पण आपण एखादी वस्तू जन्माला घातली, तिचं बारसं केलं, नाव ठेवलं, की मग मोठं."

"मग आमच्या नावाला?"

"माणसाला ते जन्मतःच मिळतं. भिकाजी म्हटलं की मोठं. फिटर म्हटलं की छोटं."

भिकाजीने पराठ्याचा तुकडा सालनाच्या रश्श्यात बुडवला. "म्हंजे घरी मोठं नि कामावर छोटं. बरोबर हाय. बायको उलटं म्हनेल, पन बरोबर हाय."

मग सदानंदरावांनी आपलं नेहमीचं दुःख काढलं. एवढं लिहितो, तपासतो, पण वाचतो कोण? अबू धाबीपलीकडे रुवैसच्या कारखान्याच्या साइटवर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या मॅन्युअलवर कुणीतरी समोसे ठेवले होते. दुसरं एक मॅन्युअल डगमगत्या टेबलाच्या पायाखाली होतं. "आयुष्य गेलं रे भिकाजी. माझं लिहिलेलं एका माणसाने, एकाच माणसाने, पहिल्या पानापासून वाचून त्याबरहुकूम काम केलं असतं ना, तर मी सुखाने रिटायर झालो असतो."

लेकराच्या दुखण्याबद्दल सांगणाऱ्या बापाकडे पाहावं तसं भिकाजीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ताटातलं लोणचं उचलून त्यांच्या ताटात ठेवलं.

त्याच सुमारास कंपनीने नवं यंत्र काढलं. समुद्रातून कारखान्यात पाणी ओढताना शेवाळ, शिंपले आणि बेसावध मासे अडवायचे आणि स्वतःच स्वतःला साफ करायचं, अशी ही माणसाच्या उंचीची गाळणी. नाव ठेवलं नहरफ्लो. नहर म्हणजे अरबीत नदी, फ्लो म्हणजे प्रवाह. समुद्राच्या गाळणीला नदीचं नाव का, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण सगळे वेगळ्याच प्रश्नात अडकले होते. इंग्रजीत लिहिताना नावातला 'न' मोठा की छोटा? आणि मधला 'फ' मोठा की छोटा?

मार्केटिंगच्या अरफा मॅडमचं म्हणणं, आजकाल सुरुवातीचं अक्षर छोटं आणि मधलं मोठं ठेवतात, ते तरुण वाटतं. सर्व्हिसचे मॅनेजर सुरेश नायर म्हणाले, सगळंच मोठं करून टाका, साइटवर लांबून दिसेल. सदानंदराव म्हणाले, दोन्ही मोठी, बाकी छोटी, आणि यावर ते हमरियाच्या फाटकावर उपोषणाला बसायला तयार होते. मीटिंगा झाल्या. चहा झाला. एका मीटिंगमध्ये दुसऱ्या मीटिंगची तारीख ठरली. शेवटी अरफा मॅडम जिंकल्या. छोटा 'न'.

सदानंदराव हरले, पण नियमाचे पक्के. नाव छोट्या अक्षराने सुरू होत असेल, तर त्या नावाने वाक्य सुरू करायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. पानाच्या तोंडाशी छोटं अक्षर म्हणजे लग्नाच्या पंगतीत बनियनवर बसलेला माणूस. म्हणून ते सगळं मॅन्युअल घेऊन बसले आणि 'नहरफ्लो'ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य फिरवू लागले.

त्यात झाकण उघडण्याची कृती आली. चौथी पायरी अशी होती: नहरफ्लोमध्ये वीज बंद केल्यावरही दाब उरतो, तो आधी सोडा. पाचवी पायरी: झाकणाची पकड ढिली करा. चौथीच्या तोंडाशी नाव होतं. सदानंदरावांनी दोन्ही पायऱ्या एकत्र केल्या आणि पाचवीला पुढे घेतलं. झाकणाची पकड ढिली करा, आणि नहरफ्लोमध्ये उरलेला दाब सोडा. वाक्य कसं घोटीव झालं. ते स्वतःशीच हसलेसुद्धा.

आठवड्याभरात मालक लंडनहून आले, त्यांना छोटा 'न' गरिबासारखा दिसला, आणि दोन्ही अक्षरं मोठी झाली. सदानंदरावांनी आनंदाने एका कळीसरशी सगळ्या मॅन्युअलमधली नावं मोठी करून टाकली. पायऱ्या मात्र फिरवल्या तशाच राहिल्या. मॅन्युअल तपासायला सगळ्यांकडे गेलं. शंभरावर शेरे आले, आणि एकूण एक शेरा त्या अक्षरांबद्दल होता. सगळ्यांनी नाव पाहिलं. नावाच्या आजूबाजूला काय लिहिलंय, ते कोणीच पाहिलं नाही. मग ते छापलं गेलं.

पहिलं नहरफ्लो रुवैसला बसलं.

एका दुपारी सुरेश नायर हातात कागद घेऊन सदानंदरावांच्या टेबलाशी आले. "मोडकजी, जरा लँग्वेज देख लो. अर्जंट है. रुवैस में ॲक्सिडेंट हुआ."

"कौन?"

"भिकाजी. ढक्कन उड़ा. राइट हँड की तीन उँगलियाँ गईं, लेफ्ट कलाई भी टूटी है. अबू धाबी शिफ्ट किया है." नायर वाईट माणूस नव्हते. हे सांगताना त्यांनी स्वतःचा उजवा हात खिशात घातला. "शाम तक भेजना है. यल्ला, जल्दी, प्लीज."

अहवाल छोटाच होता. नहरफ्लोचं झाकण उघडताना तंत्रज्ञाने मॅन्युअलमधील क्रम पाळला नाही, म्हणून अपघात झाला. 'तंत्रज्ञ' छोट्या अक्षराने लिहिला होता, सदानंदरावांच्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर. भिकाजीचं नाव कुठेच नव्हतं, त्यामुळे त्याच्या मोठ्या अक्षराचा प्रश्नच आला नाही.

'मॅन्युअलमधील क्रम' म्हणजे नेमकी कितवी पायरी, ते लिहिलं नव्हतं. मोघम संदर्भ सदानंदरावांना सहन व्हायचा नाही. हात सवयीने मॅन्युअलकडे गेला. त्यांनी ते पान काढलं. वाचलं. परत वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं, जणू चूक काचेवर होती.

भिकाजीने क्रम पाळला होता. अगदी लिहिलाय तसाच.

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि अहवाल तसाच ठेवून ते घरी आले. मृणालिनीताई गवार निवडत होत्या. सदानंदराव समोर बसले, आणि काहीही न वगळता त्यांनी सगळं सांगितलं. छोटा 'न' सांगितला, फिरवलेलं वाक्य सांगितलं, तीन बोटं सांगितली.

मृणालिनीताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुमचं नाव आहे त्या पुस्तकावर?"

"मॅन्युअलवर नाव नसतं."

"मग कुणाला कळणार?"

"मला कळलंय."

"तसं नाही म्हणत मी." त्यांनी शेंग मोडली. "नोकरी गेली तर व्हिसा गेला. ओवीची बारावी आहे. अध्येमध्ये पुण्याला नेऊन कुठल्या कॉलेजात घालायची तिला? एवढंच म्हणते. बाकी तुम्हाला कळतं."

"तो राजापूरला जाईल गं. जाताना बरोबर काय नेईल? बोटं नाहीत, आणि वर चूक त्याचीच. आयुष्यभर गावात सांगत बसेल, माझंच चुकलं म्हणून."

आतून ओवी बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "बाबा, जस्ट टेल देम," म्हणाली आणि फ्रिजमधून पाणी घेऊन परत आत गेली. मृणालिनीताईंनी उरलेल्या शेंगा निवडून टाकल्या. मग निवडलेली गवार उचलताना म्हणाल्या, "आमसुलं तोच आणायचा ना? सांगा. उद्याच सांगा. मग बघू."

दुसऱ्या दिवशी सदानंदरावांनी लिहून काढलं. गाळणीच्या नायकाच्या सगळ्या कादंबऱ्यांत मिळून नव्हतं एवढं सत्य त्या एका पानात होतं. मॅन्युअलमधला क्रम उलटा आहे. तो मी उलटा केला. तंत्रज्ञ भिकाजी यांनी सूचना जशीच्या तशी पाळली. ते पान त्यांनी पाठवलं, आणि कंपनीच्या रिवाजाप्रमाणे ते सगळ्यांकडे तपासायला गेलं.

उत्तर लवकरच आलं. एकच शेरा होता, अरफा मॅडमचा. तिसऱ्या ओळीत नहरफ्लोचा 'फ' छोटा पडलाय, कृपया मोठा करावा.

सदानंदराव त्या शेऱ्याकडे बघत राहिले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांच्या हातून पहिल्यांदाच छोटा 'फ' सुटला होता. त्यांनी तो मोठा केला. दुसरं काय करणार?

मग नायरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "मोडकजी, आपने सच लिखा, आय रिस्पेक्ट इट. मगर ऐसा नहीं भेज सकते." त्यांनी नवा कागद पुढे केला. "ये देखो. मॅन्युअल के क्रम में सुधार आवश्यक पाया गया. बस. टेक्निशियन का फॉल्ट निकाल दिया."

"और किसका डाला?"

"किसी का नहीं. आप भी सेफ, वो भी सेफ. खलास."

"मगर हुआ तो कुछ है न, नायरसाब?"

नायरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर हमरियाचा धक्का होता आणि एक क्रेन रिकामीच फिरत होती. "हाँ," ते म्हणाले. "हुआ तो है."

शुक्रवारी सदानंदराव अबू धाबीला गेले. मृणालिनीताईंनी डब्यात शिरा दिला होता. हॉस्पिटलात भिकाजीच्या खोलीबाहेर बाकड्यावर नागेश बसला होता. भिकाजीच्या टोळीतलाच, चाळिशीचा, बारावी झालेला, त्यामुळे टोळीतली सगळी इंग्रजी त्याच्या खांद्यावर. तो अर्धा झाला होता. दाढी वाढलेली. सदानंदरावांना पाहून तो उठला, आणि ते काही बोलण्याआधीच बोलू लागला.

"साहेब, माझ्यामुळे झालं. मीच वाचून दाखवत होतो त्याला. तो मशिनीपाशी, मी पुस्तक धरून. एकेक ओळ वाचायची, तो तसं करायचा. मी काहीतरी उलटं वाचलं असणार."

"पण तुम्ही लोक तर कधी..." सदानंदरावांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. "तुम्ही मॅन्युअल कधी वाचत नाही ना?"

"कधीच नाही. यावेळी भिकादादाने हट्ट धरला. म्हणाला, मोडकसाहेब एवढं जीव तोडून लिहितात, बिचाऱ्यांचं कोणी वाचत नाही. नवी मशीन आहे, आपण तरी वाचू. पहिल्या पानापासून वाचू, आणि परत गेल्यावर साहेबांना सांगू. त्यांना बरं वाटेल." नागेशने बाहीने तोंड पुसलं. "दाब आधी सोडायचा, हे तो झोपेतही करतो. त्याने मला विचारलंसुद्धा, नाग्या, नक्की असंच लिहिलंय? मी म्हटलं, असंच लिहिलंय. म्हणाला, मग साहेबांनी काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल."

सदानंदराव बाकड्यावर बसले. शिऱ्याचा डबा मांडीवर. आयुष्यभर त्यांनी एक वाचक मागितला होता.

मग डबा उचलून ते उठले आणि म्हणाले, "नागेश, आत चल. दोघांना मिळून सांगायचंय."

भिकाजी उशीला टेकून बसला होता. उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या गाठोड्यात, डावा प्लास्टरमध्ये दंडापर्यंत. सदानंदरावांना बघून त्याने उठायचा प्रयत्न केला.

"अरे, बस, बस."

"सायेब, तुमी कशाला येवढ्या लांब आलात?" त्याचा आवाज खोल गेला होता. "ह्यो नाग्या काय सांगतो ते ऐकू नका. दोन दिस जेवला नाय, म्हनतो मी उलटं वाचलं. त्यानं बरोबर वाचलं. मीच कायतरी घोळ केला आसनार. पुस्तक कसं चुकंल?"

"पुस्तक चुकलं, भिकाजी."

सदानंदरावांनी डबा खाली ठेवला.

"नागेशने बरोबर वाचलं. तू बरोबर केलंस. दोन पायऱ्या मी उलट्या लिहिल्या. दाबाची पायरी आधी होती. मी ती मागे नेली." त्यांनी चष्मा काढला. "एका अक्षरासाठी नेली. वाक्य चांगलं दिसावं म्हणून."

नागेश भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हलू लागले. मग तो तिथेच, भिंतीला लागून, उकिडवा बसला आणि मोठ्याने रडला. चार दिवस त्याने धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. नर्स दारात डोकावली आणि सदानंदरावांच्या तोंडाकडे बघून परत गेली.

भिकाजी नागेशकडे पाहत राहिला. "बघ," तो हळूच म्हणाला. "सांगत व्हतो की नाय तुला? तुजं नाय म्हनून." मग सदानंदरावांकडे न बघता त्याने पांघरुणावरच्या त्या पांढऱ्या गाठोड्याकडे पाहिलं. राग येईल म्हणून सदानंदराव वाट पाहत होते. राग आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. तो आला नाही. भिकाजीच्या डोळ्यांत पाणी जमलं आणि तिथेच थांबलं, कारण पुसायला हात नव्हता.

"हे मी कंपनीत लिहून दिलंय," सदानंदराव म्हणाले. "त्यांनी तुझी चूक काढून टाकली. माझी मात्र लिहिली नाही. पण मी लिहीन. राजापूरला तुझ्या घरी स्वतः येऊन सांगेन, तुझ्या बायकोला सांगेन, तुझ्या भावांना सांगेन. भिकाजीने चूक केली नाही, चूक मोडकाने केली, हे मी गावासमोर उभा राहून सांगेन. तू म्हणशील तिथे सांगेन. तू म्हणशील ते करेन. सांग, काय करू?"

भिकाजीचं तोंड वेडंवाकडं झालं. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

"सायेब," तो संकोचत म्हणाला, "सकाळधरनं नाकाला खाज येतीय. नर्सबाईंना सांगायला लाज वाटती. जरा खाजवता काय?"